वाडीत मुलं हवीत

१२ जानेवारी, रविवार

काल उत्कर्षाचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या प्रयोगशाळेत बरण्या पुसत होते. उत्कर्षा म्हणजे शालूताईंची भाची. ताई दिवाळीत गेल्या, तेव्हापासून वाणगावजवळची चिकूवाडी तिच्याकडे आली आहे. म्हणाली, "हेमांगीताई, लग्नाचं लॉन करायला वाडी द्या म्हणून एक जण मागे लागलाय. तुम्हांला आधी सांगते, कारण आत्याच्या आजारपणात तुम्हीच येत होतात."

मी म्हटलं, "आणि ताईंचं मुलांचं शिबिर?"

"कुठलं शिबिर? कोरोनात बंद पडलं ते पडलंच की."

मी काही रडणारी बाई नव्हे. भांडणारी आहे. अर्धा तास भांडले आणि शेवटी तिच्याकडून कबूल करून घेतलं की या मे महिन्यात शिबिर भरवून दाखवलं, वाडी पूर्वीसारखी भरली, तर ती लॉनवाल्याला नाही म्हणेल. "पण मुलं हवीत हं ताई. नुसत्या आठवणींसाठी वाडी राखायला मला परवडणार नाही." पोरगी हिशोबी आहे, पण लबाड नाही.

पाचवी ते आठवी, चार उन्हाळे मी त्या वाडीत काढले. पहिल्या संध्याकाळी शालूताई टाळी वाजवून "जोडी धरा!" म्हणायच्या, की सगळ्यांनी धावत सुटायचं आणि कुणाचा तरी हात पकडायचा. ती जोडी शिबिर संपेपर्यंत मोडायची नाही. विहिरीवर जोडीनं जायचं, झोपायचं शेजारी शेजारी, आणि आपलं ताट आपण वाढून घ्यायचं नाही, जोडीदारानं वाढायचं. मला चारही वर्षं जोडीला खुद्द शालूताई होत्या. बाकीच्यांना माझा हेवा वाटत असणार. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत गजबजलेले दिवस ते. ती वाडी कुणाच्या तरी डीजेखाली गेली तर मी काय करणार आहे मे महिन्यात?

म्हणजे, मुलांनी काय करायचं, असं म्हणायचंय मला.

१९ जानेवारी, रविवार

जुन्या शिबिरार्थींचा ग्रुप झाला. काढला प्रफुल्लनं. हा आमच्यातला सगळ्यांत बडबड्या, आता ठाण्यात सीए आहे. आवाहन मात्र मी लिहिलं, आणि स्वतःचं कौतुक म्हणून नाही, पण झकास उतरलं. कंदिलाच्या उजेडातली गाणी, चिकूच्या चिकानं काळे झालेले हात, ताईंची टाळी, सगळं आलं त्यात. शेवट केला, "आपलं शिबिर आपल्याला परत हवंय!"

लोक रडले म्हणे. दुबईतून, पुण्यातून, कुठून कुठून पैसे आले. प्रफुल्ल म्हणाला, "हेमे, तू इतकी वर्षं होतीस कुठे?" मी बोईसरलाच होते. एकानं विचारलं, "कोण ही हेमांगी?" त्यावर कुणीतरी लिहिलं, "ती नाही का, ताईंच्या मागे मागे असायची ती." लग्नानंतर बायकांची आडनावं बदलतात म्हणून ओळख पटत नाही, हे मी समजू शकते. माझं तर तेच आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

ग्रुपवर दिवसभर जुने फोटो. छपराचे पत्रे कुठले घ्यायचे हा माझा प्रश्न सकाळपासून तसाच पडून आहे. शेवटी मीच पत्रे ठरवले.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज श्रमदान. आणलेले खराटे पुरेनात इतकी माणसं आली.

वाडी राखणारा जिवल्या सकाळीच दारात उभा होता. त्याला शहरातली माणसं घाबरवायला फार आवडतं. गाड्यांतून उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "त्या कोपऱ्याला जाव नको, काल येवढा मोठा साप निंगालेला." साप कुठला आणि काय! कोपऱ्यात त्यानं मडकी पालथी घालून ठेवलीत, ती कुणी फोडू नयेत म्हणून हा साप. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाला, "बाय, तुमी बिनदास जावा. तुमाला ठावं हाय."

काम झालं, हे मान्य करायला हवं. दुपारपर्यंत पत्रे चढले, विहिरीचा कठडा सारखा झाला, भिंतींना चुना लागला. पण प्रत्येकाला आपापलंच दुरुस्त करायचं होतं. धीरज सकाळभर एकाच झाडाभोवती होता, कारण त्यावर त्यानं म्हणे सहावीत नाव कोरलं होतं. दोघींनी झोपाळा बांधला तो इतका उंच, की पाचवीतल्या पोराला शिडी लागेल. मी तसं बोलले, तर म्हणाल्या, "अगं, आम्हांलाच बसायचंय!" आणि बसल्याही. लगोरी झाली, आंधळी कोशिंबीर झाली. पन्नाशीला आलेली माणसं धावताना फार आवाज करतात.

जेवणाच्या वेळी प्रफुल्ल ओट्यावर चढला आणि टाळी वाजवून ओरडला, "जोडी धरा!"

एकच पळापळ झाली. मी हेतलकडे निघाले होते. हेतल माझी शिबिरातली सगळ्यांत जवळची मैत्रीण. पण ती दुसऱ्या कुणाला तरी आधीच बिलगलेली होती. वळून बघते तर सगळ्यांचे हात कुणाच्या ना कुणाच्या हातात. प्रफुल्ल हसत हसत म्हणाला, "हेमे, तू उरलीस! डिट्टो तेव्हासारखी! म्हणून तर ताई दरवर्षी तुझी जोडी व्हायच्या, बिचाऱ्या."

सगळे हसले. मीही हसले. मग पत्र्यांच्या माणसाचा हिशोब बघायचा होता म्हणून मी जेवायला उशिरा बसले आणि माझं ताट मीच वाढून घेतलं. कुणी नियम मोडला म्हणून ओरडलं नाही. ते काही शिबिर नव्हतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

विषम संख्या असली की कुणीतरी एक राहणारच. यात बिचारं काय आहे?

चारही वर्षं विषमच असेल संख्या. असू शकते.

९ मार्च, रविवार

पालघरला हेतलच्या दुकानात गेले. स्टेशनजवळ तिचं ड्रेस मटेरियलचं दुकान आहे. मुलांच्या नावनोंदणीचं बोलायचं होतं. तिनं चहा मागवला, "बस ना, बस" म्हणाली आणि गिऱ्हाइकांपुढे ओढण्या पसरत राहिली. मधूनमधून माझ्याकडे बघून हसत होती. तिचा फोन गल्ल्यावर सारखा वाजत होता. वर नाव येत होतं, "शिबिर मजा ग्रुप." मी विचारलं, हा कुठला? तर जरा गोंधळली. "अगं, तो ना, असंच. दमणला जायचं चाललंय आमचं. तुला कंटाळा येईल म्हणून…"

बरंच केलं त्यांनी. मजेचा ग्रुप वेगळा असला की कामाच्या ग्रुपवर कामाचंच बोलणं होतं.

तिच्या दोन्ही मुली शिबिराच्या वयाच्या आहेत. त्यांचं विचारलं तर म्हणाली, "सांगते." निघताना मला एक ओढणी दिली, घेच म्हणाली. रंग माझा नाही, पण चांगली आहे. दिली प्रेमानं.

६ एप्रिल, रविवार

लिहायला हवंच, नाहीतर मला स्वतःलाच खरं वाटणार नाही. छप्पर झालं, संडास झाले, सतरंज्या आल्या, पैसे शिल्लक आहेत आणि शिबिराला एक मूल नाही. एकसुद्धा.

आज मी एकेकाला फोन लावत बसले. प्रफुल्लच्या मुलाचा रोबोटिक्सचा क्लास. धीरजची मुलगी उन्हात लाल होते. एकीला मच्छर, एकीला सिंगापूर. एकानं विचारलं, "वायफाय आहे का तिथे?" हेतलच्या मुली कुलूमनालीला चालल्यात. आणि गंमत म्हणजे प्रत्येक जण मनापासून म्हणाला, "पण शिबिर व्हायलाच हवं हं हेमांगी! माझ्याकडून अजून काही पैसे लागले तर सांग."

म्हणजे सगळ्यांनी धरून चाललं की मुलं दुसरा कुणीतरी पाठवेल. आणि मी तरी काय केलं? ते आवाहन काढून पुन्हा वाचलं. त्यात गाणी आहेत, कंदील आहे, चिकूचा चीक आहे. मुलं पाठवा असं कुठेही लिहिलेलं नाही. आपल्याला परत हवंय, असं लिहिलंय.

रागानं जेवायची वासना गेली. मुगाची खिचडी लावलेली, ती तशीच राहिली.

१३ एप्रिल, रविवार

पत्रकं छापून आणली होती. ती वाटायला बोईसरच्या सोसायट्यांमधून हिंडले. वॉचमननी गेटवरच ठेवून घेतली, पुढे त्यांचं काय झालं असेल ते दिसतंच आहे. उरलेली घेऊन कुंभवलीपर्यंत गेले. कारखान्यांतल्या कामगारांच्या चाळी आहेत तिथे. आईबाप दोघंही शिफ्टला, आणि पोरं घरात, बाहेरून कडी.

एका जाळीच्या दारामागे चारपाच डोकी दिसली. त्यांतल्या मोठ्या मुलीनं हात बाहेर काढून पत्रक ओढून घेतलं. मी म्हटलं, "मराठीत आहे गं." तर म्हणाली, "हमको आता है, हम जिल्हा परिषद में है," आणि खणखणीत वाचायला लागली. चिकूच्या सावलीत, विहिरीचं पाणी, झोपाळे. वाचता वाचता थांबून विचारलं, "झूला सच में है?"

"आहे. जरा उंच झालाय."

"और चावल ही मिलेगा कि रोटी भी?"

तिचं नाव रिंकी. धाकटा भाऊ तिच्या फ्रॉकला धरून होता. मी "बघते" म्हणून पाय काढता घेतला. मग कोपऱ्यावरून परत आले आणि म्हटलं, "रोटी पण मिळेल."

२० एप्रिल, रविवार

ऑनलाइन मीटिंग झाली. मी सांगितलं, कुंभवलीत मुलंच मुलं आहेत, आणायची का?

मग प्रफुल्ल अगदी गोड आवाजात म्हणाला, "हेमे, तुझी तळमळ कळते. पण शिबिराचा एक आत्मा आहे. आपली गाणी, आपली भाषा. ही मुलं हिंदीतली. ते मग आपलं शिबिर राहील का?" कुणी म्हणालं, जबाबदारी कुणाची? हे मात्र रास्त होतं, मी सांगितलं, माझी. मग धीरजनं सुचवलं की उरलेल्या पैशांतून ताईंच्या नावाची एक छानशी कमान करू आणि दर जानेवारीला सगळे भेटू. सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. हात वर करा म्हटल्यावर भराभर वर झाले. हेतलचा पण. तिनं खाली बघून वर केला, एवढं मी पाहिलं.

मी म्हटलं, "कमानीखालून जाणार कोण? नवरदेव?"

कुणाला हसू आलं नाही. प्रफुल्ल म्हणाला, "तू नेहमीच अशी तुटक बोलतेस, म्हणून…" आणि पुढचं गिळलं.

मी ग्रुप सोडला. सांगण्यासारखं कुणी नाही म्हणून इथे लिहिते, मला फार वाईट वाटलं. त्या माणसांसाठीच तर मी हे सगळं करत होते असं वाटून गेलं, आणि ते काही बरोबर नाही. मुलांसाठी करतेय मी.

२२ एप्रिल, मंगळवार

वाणगावला जाऊन उत्कर्षाला सगळं खरं सांगून टाकलं. पैसे प्रफुल्लकडे अडकले, माणसं गेली, मुलं मिळाली तर ती कुंभवलीची.

ती चिकू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी मुलं म्हटलं होतं. कुठली ते म्हटलं नव्हतं." तांदूळ आणि डाळ ती देणार आहे. बाकीचं माझं मी बघायचं.

२७ एप्रिल, रविवार

एक अख्खा रविवार चाळीत गेला. शाळेचं ओळखपत्र गळ्यात घालून दारोदार. एका बापानं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "रात को भी रखोगे? क्यों?" शिबिर असंच असतं, म्हटलं. त्यानं ओळखपत्र परत दिलं.

रिंकीची आई एका कंपनीत पॅकिंगला आहे. तिनं दारातच उभं राहून सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "हम साथ में आयेंगे. रोटी हम बनायेंगे. हमारे सामने रहेंगे बच्चे." सुट्टी टाकणार, पगार कापला तर कापला म्हणाली. ती येणार म्हटल्यावर चाळीतली दारं भराभर उघडली. मघाच्या बापानंसुद्धा दोन पोरं लिहून दिली आणि वर पिठाची पिशवी.

८ मे, गुरुवार

आली. टेम्पो वाडीत शिरला तेव्हा उत्कर्षा मोजायला उभी होती. मोजता मोजता तिनं नाद सोडला, कारण मोठ्या मुलींच्या कडेवर न सांगता आणलेली धाकटी भावंडं होती.

संध्याकाळी मी ओट्यावर उभी राहून टाळी वाजवली. "जोडी धरा!" कुणीच पळेना. समजावून सांगितलं, तर चारचार पाचपाच जणांनी एकमेकांना धरलं. मी म्हटलं, दोघं दोघं. रिंकी म्हणाली, "फिर मुन्ना किधर जायेगा?" प्रत्येकीचा एक मुन्ना आहे. तासभर घसा फोडला आणि नाद सोडला. झुंडीनं जेवले, झुंडीनंच झोपले. ताईंना हे मुळीच चाललं नसतं.

जिवल्यानं त्यांना सापाची गोष्ट सांगितली, तर पोरं काठ्या घेऊन साप शोधायला निघाली. मडकी फुटली. "बाय, ही कोनची पोरं आनलीव तुमी? घाबरत नाय कोनाला!" एवढा नाराज मी त्याला कधी पाहिला नव्हता.

१३ मे, मंगळवार

पाय सुजलेत. झोपाळा खाली घेतला. एका पोराला खरूज आहे, सगळ्यांना लिंबाच्या पाल्याची आंघोळ घातली. शिबिराची गाणी शिकवली तर त्यांनी चाल तीच ठेवून शब्द भलतेच घातले. त्यांत मी आहे. ओरडणारी आंटी म्हणून.

१८ मे, रविवार

शेवटचा दिवस. आईबापांना आज बोलावलं होतं. सकाळपासून माणसांची रीघ, कुणी सायकलवर, कुणी रिक्षातून. पोरं त्यांना हाताला धरून ओढत होती, ही विहीर, हा झोपाळा, इथे आमी झोपतो. 'आमी झोपतो' असंच म्हणत होती, जिवल्याकडून उचललेलं.

उत्कर्षा जेवायला थांबली. जाताना म्हणाली, "लॉनवाल्याला मी काल नाही म्हणून कळवलं. पुढचा मे पण तुमचा." मी म्हटलं, बरं. किती वेळा मनात म्हणून पाहिलं होतं की हे ऐकल्यावर मी काय करीन. काहीच केलं नाही. भांडी मोजायला गेले.

हेतलचा मेसेज होता, कुणीतरी टाकलेला फोटो बघून. "वा! भारी केलंस!" आणि एक हार्ट. मी फोन पदराला पुसला आणि ठेवून दिला.

रिंकीची आई चुलीपाशी परात घासत होती. मी शेजारी बसून पळ्या पुसायला घेतल्या. म्हणाली, "दीदी, सबके घर से लोग आये. आपके यहाँ से कोई नहीं आया?"

"लांब पडतं."

"बोईसर लांब?" तिनं परात पालथी घातली. "फोन भी नहीं आता आपको. हम देखते हैं ना."

मी सांगणार होते की इथे रेंज नसते. शालूताईंच्या नावासाठी केलं, मुलांसाठी केलं, हे तर तोंडपाठच आहे. पण धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मग धूर नसतानाही यायला लागलं. मी म्हटलं, "घर पे कोई नहीं है. मई महीने में छुट्टी होती है और कोई नहीं होता. इसलिए किया ये सब."

असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. वहीतसुद्धा नाही.

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला दया आली असती तर मी उठून गेले असते. ती म्हणाली, "हमको लगा आप समाजसेवावाली हैं," आणि हसायला लागली. मग मीही. दोघी त्या राखेत बसून वेड्यासारख्या हसत होतो. जिवल्या येऊन बघून गेला.

टेम्पो भरला. मी मागची फळी लावायला गेले तर ती आतून म्हणाली, "अभी जा के अकेली चूल्हा जलाओगी क्या? चढो." मी म्हटलं, माझी स्कूटर आहे. तिनं ऐकलं नाही की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे. वरून दोनतीन हात आले आणि मी चढले. बसायला जागा नव्हती. पोरं सरकली, थोडी झाली. कुणीतरी एक पेंगणारं मूल माझ्या मांडीवर सोडलं. भयंकर जड होतं. वाटभर माझ्यावरचं ते गाणं चालू होतं, आणि ओरडायची जागा आली की सगळी थांबून माझ्याकडे बघायची. मग मी ओरडायचे.

बोईसरला माझ्या गल्लीचं तोंड आलं. ड्रायव्हरला माहीत नव्हतं, आणि मी काही थांबव म्हटलं नाही.